स्वतःचे घर : मोल, खर्च आणि जोखीम यांचा हिशेब नेमका कसा मांडावा?

पाऊलवाट
नमस्कार. आम्ही दोघे बरीच वर्षे भाड्याच्या घरात राहत आहोत. आता घराच्या पहिल्या रकमेपुरती बचत साठली आहे आणि तेव्हापासून भेटेल तो एकच सल्ला देतो : भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, हप्ता म्हणजे आपल्याच घरात राहिलेला पैसा. हे मला पटत नाही, पण ते कुठे चुकते हे नीट सांगताही येत नाही. घराच्या किमती वाढतातच, असे म्हणणाऱ्यांना मी 'कशाच्या तुलनेत वाढतात' असे विचारते, तेव्हा समाधानकारक उत्तर मिळत नाही. उलट घर घेऊच नये म्हणणाऱ्यांचे हिशेब वाचले, तर त्यांत माणसे राहतात याचा उल्लेखच नसतो.

म्हणून इथल्या अनुभवी सभासदांना विचारते. घराचे मोल कशावरून ठरवावे? खरेदीच्या दिवशी न दिसणारे खर्च कोणते? आणि कोणती जोखीम आपल्याला पेलवेल, कोणती पेलवणार नाही, हे आधी कसे ओळखावे? घर आम्हाला राहण्यासाठी हवे आहे, गुंतवणूक म्हणून दुसरे घर घेण्याचा विचार नाही.

हिशेबनीस
चांगला धागा. सुरुवात आकड्यांपासून करतो. कोणतेही चलन न घेता घराची किंमत १०० धरू, म्हणजे ज्याला त्याला आपले आकडे त्यात बसवता येतील.

समजा तुम्ही २० स्वतःचे घातले आणि ८० कर्ज घेतले, व्याजदर ९ टक्के. पहिल्या वर्षी व्याजापोटी साधारण ७ जातात. जे २० घरात अडकले, ते दुसरीकडे सुरक्षित ठेवले असते तर ६ टक्क्यांनी १.२ मिळाले असते. ते मिळत नाहीत, म्हणून तोही खर्चच. देखभाल, मालमत्ता कर आणि विमा मिळून दीड धरा. म्हणजे पहिल्या वर्षी मालकीचा खर्च जवळपास १० होतो. हप्त्यातला मुद्दलाचा भाग मी यात घेतलेला नाही, कारण तो खर्च नव्हे, ती बचत आहे.

आता तसल्याच घराचे वार्षिक भाडे किती, ते पाहा. काही ठिकाणी घराची किंमत वार्षिक भाड्याच्या ३० पट असते, म्हणजे भाडे ३.३. काही ठिकाणी ती १५ पट असते, म्हणजे भाडे ६.७. पहिल्या ठिकाणी मालकाला भाडेकरूपेक्षा वर्षाला साडेसहा जास्त मोजावे लागतात, म्हणून किंमत दरवर्षी साडेसहा टक्क्यांनी वाढली तरच तो पहिल्या वर्षी बरोबरीत राहतो. दुसऱ्या ठिकाणी सव्वातीन टक्के वाढही पुरते. भाडे पाण्यात गेले म्हणायचे असेल, तर व्याजही त्याच पाण्यात गेले असे म्हणावे लागेल. म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न घर घ्यावे की नाही हा नाही. ज्या भागात राहायचे आहे तिथे किंमत भाड्याच्या किती पट आहे, हा आहे.

उंबरठा
हिशेबनीस, तुमचे गणित पहिल्या वर्षाचे आहे आणि तिथेच मला ते अपुरे वाटते. भाडे दरवर्षी वाढते, तर स्थिर व्याजदराचा हप्ता तेवढाच राहतो. दहाव्या-बाराव्या वर्षी चित्र निराळे दिसते.

शिवाय ज्याचा आकडा निघत नाही, तेही मोलच आहे. मुलीच्या शालान्त परीक्षेला थोडे महिने राहिले असताना घरमालकाने घर विकायला काढले आणि आम्हाला जागा सोडायला सांगितली. करारानुसार त्यांचे काही चुकले नव्हते, त्यांना पूर्ण अधिकार होता. नवे घर मिळाले ते तिच्या शाळेपासून लांब, आणि परीक्षेपर्यंत ती रोज बसमध्ये अभ्यास करत होती. आपण या जागेत किती काळ राहू, हे दुसऱ्या कोणी ठरवावे, ही गोष्ट मला कोणत्याही व्याजापेक्षा महाग वाटली. भिंतीत खिळा ठोकायला परवानगी लागत नाही, म्हाताऱ्या माणसासाठी न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवता येतो, दार रुंद करता येते. यालाच मी मालकीचे मोल म्हणते.

हिशेबनीस
उंबरठा, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तो आकड्यांतही दाखवता येतो. ८० च्या कर्जाचा २० वर्षांचा, ९ टक्के दराचा हप्ता वर्षाला ८.६ च्या आसपास पडतो. भाडे दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढते असे धरले, तर ६.७ वरून निघालेले भाडे पाच-साडेपाच वर्षांत हप्त्याला गाठते. ३.३ वरून निघालेल्या भाड्याला मात्र साडेएकोणीस वर्षे लागतात, म्हणजे तोवर कर्ज फिटतच आलेले असते. भाडेवाढीपासून मिळणारे संरक्षण खरे आहे, पण ते किती किमतीला विकत घेतो, हे त्या पटीवरच ठरते.

टॉड सिनाई आणि निकोलस सूलेलीस या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००५ साली नेमके हेच मांडले होते : घर घेणे म्हणजे भावी भाड्याच्या चढउतारांविरुद्ध घेतलेला एक प्रकारचा विमा आहे, आणि ज्यांना एकाच ठिकाणी दीर्घकाळ राहायचे आहे त्यांना त्याचा उपयोग सर्वाधिक. जागेच्या शाश्वतीचे जे मोल तुम्ही सांगता, ते यावर आणखी आहे आणि ते ज्याचे त्यानेच लावायचे.

रानवारा
मी आयुष्यभर भाड्याने राहिलो आहे आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझ्या कामाच्या स्वरूपामुळे गावे बदलावी लागली, आणि दर वेळी जिथे संधी होती तिथे मला महिन्याभरात जाता आले. माझ्या एका सहकाऱ्याला याहून चांगले काम मिळत होते, परंतु त्याचे घर विकले जात नव्हते आणि दोन ठिकाणचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून त्याने ते नाकारले. ॲन्ड्र्यू ओस्वाल्ड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात असा सिद्धान्त मांडला होता की, जिथे घरमालकीचे प्रमाण जास्त, तिथे माणसे हलत नाहीत आणि बेरोजगारी वाढते. त्यावर पुढे बराच वाद झाला आणि सगळे निष्कर्ष त्याच्या बाजूने आले नाहीत, तरी एका माणसाच्या आयुष्यात ही अडचण किती खरी असते ते मी जवळून पाहिले आहे.

घरमालकी म्हणजेच भरभराट, हेही मला मान्य नाही. युरोपातल्या अत्यंत संपन्न देशांपैकी एक असलेल्या स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून अधिक लोक भाड्याने राहतात, आणि रोमानियात नव्वद टक्क्यांहून अधिक लोक स्वतःच्या घरात राहतात, कारण साम्यवादी राजवट गेल्यावर सरकारी घरे तिथल्या भाडेकरूंनाच स्वस्तात विकली गेली.

मृण्मयी
रानवारा, स्वित्झर्लंडमध्ये भाडेकरूला कायद्याचे भक्कम संरक्षण आहे, हे त्या वाक्याला जोडायला हवे. उंबरठा यांना सोसावे लागले ते संरक्षण नसल्यामुळे. भाड्याने राहणे चांगले की वाईट, हे बरेचसे करार आणि कायदा किती काळाची हमी देतात यावर अवलंबून आहे.

रानवारा
हे मान्य. जिथे अकरा-बारा महिन्यांच्या करारावर जगावे लागते, तिथे माझे म्हणणे तितकेसे लागू पडणार नाही.

चौथाकोन
'किमती वाढतातच' या वाक्यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण धागाकर्तीचा 'कशाच्या तुलनेत' हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

समजा घराची किंमत २० वर्षांत तिप्पट झाली. ऐकायला मोठे वाटते. प्रत्यक्षात ती वर्षाला साडेपाच टक्क्यांहून किंचित जास्त वाढ झाली. त्याच काळात महागाई ५ टक्के असेल, तर बाकी सगळ्या वस्तूंच्या किमतीही २.६५ पट झालेल्या असतात. म्हणजे खरी वाढ वर्षाला अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या मध्ये कुठेतरी राहिली. आपल्याला तिप्पट लक्षात राहते, कारण खरेदीचा आकडा कागदावर असतो. वीस वर्षांपूर्वीचे बसभाडे कोणी जपून ठेवत नाही.

ॲम्स्टरडॅममधल्या हेरेनग्राख्त या कालव्यावरच्या घरांच्या व्यवहारांवरून पीट आइखहोल्ट्झ यांनी १६२८ ते १९७३ या काळाचा किंमत निर्देशांक तयार केला. युद्धे, साथी, भरभराटीचे काळ हे सगळे त्यात येऊन गेले, आणि महागाई वजा करता साडेतीनशे वर्षांत किमती जेमतेम दुप्पट झाल्या. रॉबर्ट शिलर यांनी अमेरिकेचे आकडे १८९० पासून जुळवले, तेव्हा तिथेही पुढच्या शंभर वर्षांत खऱ्या किमतीत फारशी वाढ दिसली नाही. याउलट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अनेक विकसित देशांत घरे खरोखर महाग होत गेली. कॅथरिना क्नोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ देशांचा १८७० पासूनचा इतिहास तपासला, तेव्हा असे दिसले की युद्धोत्तर काळातल्या या वाढीचा सुमारे ८० टक्के भाग जमिनीच्या किमतीतून आला आहे, बांधकामाच्या खर्चातून नव्हे.

याचा अर्थ समजून घ्या. तुम्ही एकाच सौद्यात दोन वस्तू विकत घेता. जमीन, जी आणखी निर्माण होत नाही आणि आजूबाजूला रस्ते, शाळा, रोजगार आले की वधारते. आणि बांधकाम, जे पहिल्या दिवसापासून झिजत जाते. जपानमध्ये हे फार उघड दिसते. तिथे लाकडी घराचे आयुष्य करआकारणीसाठी २२ वर्षे धरले जाते, आणि बाजारातही जुन्या बांधकामाला नाममात्र किंमत मिळते. पण जमीन वधारतेच, असेही नाही. त्याच जपानमध्ये जमिनीच्या किमती १९९१ च्या सुमारास शिखरावर पोहोचल्या आणि नंतर दीड दशक उतरत राहिल्या. आयर्लंडमध्ये २००७ नंतरच्या सहा वर्षांत घरांच्या किमती निम्म्यावर आल्या.

दीपस्तंभ
चौथाकोन, उत्तम माहिती. एक प्रश्न : मग घर ही वाईट गुंतवणूक आहे, असा निष्कर्ष काढायचा का?

चौथाकोन
नाही, कारण निव्वळ किमतीकडे पाहिले तर घराचे अर्धे उत्पन्न नजरेआड होते. ऑस्कर जोर्डा आणि सहकाऱ्यांनी १६ देशांचे १८७० ते २०१५ या काळाचे आकडे मांडले, तेव्हा भाडे धरून घरांचा परतावा शेअर बाजाराच्या जवळपास भरला, आणि त्यातला मोठा वाटा भाड्याचा होता. स्वतःच्या घरात राहणारा माणूस हेच भाडे स्वतःला देत असतो. राष्ट्रीय उत्पन्न मोजतानासुद्धा हे न दिलेले भाडे हिशेबात धरले जाते. म्हणून पाऊलवाट, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : घराचे मोल म्हणजे ते तुम्हाला जितकी वर्षे निवारा देईल तितक्या वर्षांचे वाचलेले भाडे, आणि अखेरीस उरणारी जमीन.

फक्त एक सावधगिरी. हे आकडे अख्ख्या देशाचे आहेत. देशातली सगळी घरे मिळून जो परतावा देतात तो तुमच्या एका घराला मिळेलच, असे नाही. शेजारी कचऱ्याचे आगार आले किंवा गावातला मोठा कारखाना बंद पडला, तर देशाचा निर्देशांक तुमच्या कामाचा नाही.

विटकर
मी इमारतींच्या तपासणीचे आणि दुरुस्तीचे काम करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. वर्षाला घराच्या किमतीच्या १ टक्का देखभालीसाठी बाजूला ठेवावा, असा ठोकताळा सगळीकडे सांगितला जातो. मला त्याचा पाया पटत नाही. महागड्या वस्तीतल्या घराची किंमत मुख्यत्वे जमिनीची असते, आणि नळ बदलायला महाग वस्तीत दहापट खर्च येत नाही. टक्केवारी काढायचीच तर ती तेच बांधकाम आज नव्याने करायला किती लागेल, त्यावर काढावी. घर जुने असेल तर एकाऐवजी दोन टक्के धरावेत.

दुसरे असे की, हा खर्च दरवर्षी सारखा येत नाही. सुरुवातीची अनेक वर्षे काहीच होत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. मग गच्चीचा जलरोधक थर, जुने लोखंडी नळ, वायरिंग आणि लिफ्ट यांची पाळी थोड्याच वर्षांच्या अंतराने येते, कारण ती सगळी एकाच वेळी बसवलेली असतात.

गळतीकडे मात्र कोणीही शोभेचा प्रश्न म्हणून पाहू नये. काँक्रीटमध्ये पाणी मुरत राहिले की आतली सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो. त्या दाबाने काँक्रीटला सळईच्या रेषेत भेग पडते. भेगेतून आणखी पाणी जाते, गंज वाढतो, आणि शेवटी वरचे आवरण सुटून पडते. छताखाली उभे राहून हलक्या हातोडीने ठोकत गेलो, तर चांगल्या भागात टणक आवाज येतो आणि सुटलेल्या भागात पोकळ. मालकाने नुकताच रंग दिलेला असला, तरी तो पोकळ आवाज लपत नाही. पहिल्या भेगेच्या वेळी जे काम थोडक्यात भागते, तेच पुढे स्लॅब उतरवण्यापर्यंत जाते.

मृण्मयी
विटकर, हे फार उपयोगी आहे. सदनिकेत तर यातले बरेचसे आपल्या हातातही नसते. गच्ची सामाईक, खांब सामाईक, आणि सभेत खर्चाचा ठराव आला की निम्मे सभासद पुढच्या वर्षी बघू म्हणतात.

विटकर
तेच तर. अमेरिकेतल्या फ्लोरिडात सर्फसाइड इथे २४ जून २०२१ रोजी चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही बारा मजली इमारत अर्धीअधिक कोसळली आणि ९८ जणांचा जीव गेला. त्याआधी २०१८ साली एका अभियंत्याच्या अहवालात तरणतलावाच्या भोवतालच्या स्लॅबवरचा जलरोधक थर निकामी झाल्याची आणि खालच्या काँक्रीटचे मोठे नुकसान झाल्याची नोंद होती. दुरुस्तीची रक्कम मोठी होती, तिच्यावरून सदनिकाधारकांत वर्षानुवर्षे चर्चा आणि मतभेद चालले, आणि मुख्य काम पूर्ण होण्याआधीच इमारत पडली. सदनिका घेताना आपण घर घेतोच, पण त्या इमारतीच्या निधीत, तिच्या कर्जात आणि शेजाऱ्यांच्या निर्णयशक्तीत भागीदारही होतो. म्हणून आतल्या फरशा पाहण्याआधी दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे, ते विचारावे.

दीपस्तंभ
जोखमीच्या प्रश्नावर कागदपत्रांच्या बाजूने लिहितो, वकिलीमुळे रोजचा संबंध आहे. घराचा ताबा असणे आणि घराची निर्वेध मालकी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. विकणाऱ्याला पूर्ण घर विकण्याचा अधिकार आहे का, की बहीण-भावांचा हिस्सा बाकी आहे. घरावर जुने कर्ज किंवा जप्ती आहे का. बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे झाले आहे का. वापराचा दाखला मिळाला आहे का. हे तपासल्याशिवाय बयाणा देऊ नये. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागद स्वच्छ, हा समज मी फार लोकांत पाहतो. बँक तिच्या कर्जापुरते पाहते, तुमच्या पुढच्या तीस वर्षांचे पाहत नाही. तपासणीचा खर्च एकूण किमतीच्या मानाने नगण्य असतो आणि तरीही लोक नेमका तोच वाचवतात.

बांधकाम सुरू असलेले घर घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. ताबा लांबला तर भाडे आणि व्याज दोन्ही एकाच वेळी चालू राहतात, आणि हिशेबनीस यांच्या तक्त्यातला सगळ्यात वाईट काळ हाच असतो.

संथवाहते
कर्जाबद्दल अजून कोणी खोलात लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. ९ टक्के दराने २० वर्षांसाठी १०० कर्ज घेतले, तर एकूण जवळपास २१६ परत द्यावे लागतात. पहिल्या हप्त्यातले पाच भाग व्याजात जातात आणि एक भाग मुद्दलात. निम्मे मुद्दल फिटायला सुमारे १४ वर्षे लागतात. मधल्या काळात घर विकावे लागले, तर इतके हप्ते भरूनही कर्ज एवढे कसे उरले, असा धक्का बसतो.

त्याहून गंभीर आहे बदलता व्याजदर. दर वाढल्यावर बँक पुष्कळदा हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवते आणि कर्जदाराला काही झाल्याचे जाणवतही नाही. वरच्याच कर्जाचा दर सुरुवातीलाच ९ वरून १० टक्के झाला आणि हप्ता तोच राहिला, तर २० वर्षांचे कर्ज २६ वर्षांवर जाते. दर ११ टक्के झाला, तर तो हप्ता महिन्याच्या व्याजालाही पुरत नाही, म्हणजे कर्ज कधीच फिटत नाही, उलट वाढत जाते. हा तक्ता प्रत्येकाने स्वतः मांडून पाहावा. २०२२ मध्ये जगभर व्याजदर झपाट्याने चढले, तेव्हा स्थिर दराचे आणि बदलत्या दराचे कर्जदार यांच्या अनुभवांत केवढे अंतर पडले, हे सर्वांनी पाहिलेच आहे. दिलासा एवढाच की, हे उलट्या दिशेनेही चालते : दर तोच राहून वर्षाला एक हप्ता जादा भरत गेले, तर २० वर्षांचे कर्ज साडेसोळा वर्षांच्या आसपास संपते.

उंबरठा
संथवाहते, ११ टक्क्यांचे गणित मी करून पाहिले आणि ते खरे आहे. हे खरेदीच्या वेळी कोणीच सांगत नाही.

हिशेबनीस
त्यात भर घालतो. कर्ज नफा वाढवते तसेच नुकसानही वाढवते. २० स्वतःचे आणि ८० कर्जाचे असतील, तर किंमत १० टक्के वाढल्यावर तुमचे २० चे ३० होतात. १० टक्के उतरल्यावर २० चे १० उरतात. २० टक्के उतरली की तुमचे सगळे गेले. अमेरिकेत २००६ ते २०१२ या काळात देशपातळीवर किमती पाव हिश्श्याहून अधिक उतरल्या, आणि लक्षावधी कुटुंबांचे कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त झाले. ज्यांची नोकरी टिकली आणि हप्ता झेपत होता, ते तिथेच राहत राहिले आणि काही वर्षांनी किमती सावरल्या. ज्यांना त्याच काळात नोकरी गेल्यामुळे विकावे लागले, त्यांचे घर गेले. किंमत उतरणे आणि विकण्याची वेळ येणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात तेव्हा माणूस बुडतो. आणि त्या एकाच वेळी घडण्याचा संभव मोठा असतो, कारण गावातला रोजगार घटला की नोकरीही जाते आणि घराचा गिऱ्हाईकही.

रानवारा
म्हणूनच मी म्हणत होतो की उरलेला पैसा निरनिराळ्या ठिकाणी गुंतवणारा भाडेकरू जास्त सुरक्षित असतो.

मृण्मयी
गुंतवणारा भाडेकरू, हो. पण प्रत्यक्षात भाडे आणि हप्ता यांतला फरक दरमहा न चुकता गुंतवणारे किती भेटतात? माझ्या आईवडिलांनी दुसरी कोणतीही बचत केली नाही. हप्ता चुकवता येत नव्हता म्हणून तेवढी झाली, आणि म्हातारपणी त्यांना भाड्याची चिंता नव्हती. उत्पन्न थांबल्यावर डोक्यावर छप्पर असणे, हा लाभ कोणत्याही तक्त्यात तरुण वयाच्या रकान्यात दिसणार नाही.

मात्र याची पुढची बाजूही सांगते. ते गेल्यावर घर आम्हा भावंडांच्या नावे आले आणि आज ते अडकून पडले आहे, कारण एकाला राहायचे आहे, एकाला विकायचे आहे आणि तिसऱ्याला आपला हिस्सा सोडायचा नाही. घराचा तुकडा पाडून वाटता येत नाही. मृत्युपत्र स्पष्ट असते आणि एकाने दुसऱ्यांचे हिस्से कसे घ्यायचे हे त्यात लिहिलेले असते, तर हे टळले असते.

विटकर
विम्याबद्दल दोन वाक्ये, कारण तो विषय राहून जाईल. विमा बाजारभावाचा घेऊ नये, बांधकाम पुन्हा उभारण्याच्या खर्चाचा घ्यावा; जमीन जळत नाही. आणि पूर व भूकंप यांचा समावेश आहे का, हे पॉलिसीत शब्दशः वाचावे, कारण पुष्कळ ठिकाणी ते स्वतंत्रपणे घ्यावे लागतात.

पाऊलवाट
सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेनंतर आम्ही बसून आकडे मांडले, ते इथे ठेवते.

आम्ही पाहत असलेल्या भागात किंमत वार्षिक भाड्याच्या २२ पट येते, म्हणजे हिशेबनीस यांच्या दोन टोकांच्या मध्ये. खरेदी आणि पुढे कधी विक्री करताना लागणारे शुल्क, मुद्रांक, दलाली हे सगळे मिळून किमतीच्या ९ टक्के धरले. तीन वर्षांत विकले तर वर्षाला ३ टक्के नुसते यातच जातात, १५ वर्षे राहिलो तर वर्षाला ०.६. आमच्या दोघांच्या नोकऱ्या पाहता पुढची दहा-बारा वर्षे आम्ही इथेच राहू असे वाटते, आणि उंबरठा यांनी सांगितलेली शाश्वती आम्हाला मोलाची वाटते, म्हणून घ्यायच्या बाजूला कल आहे. पण आम्ही आधी ठरवले होते त्याहून लहान घर पाहतो आहोत. कसोटी अशी लावली : व्याजदर दोन टक्के वाढला आणि एकाचा पगार बंद झाला, तरी वर्षभर हप्ता भरता आला पाहिजे. मूळ घर या कसोटीला उतरत नव्हते. लहान घर उतरते, आणि मुख्य म्हणजे बचतीचा एक भाग घराबाहेर राहतो.

आता एका सोळा वर्षे जुन्या इमारतीतली सदनिका आवडली आहे. दीपस्तंभ यांच्या सांगण्याप्रमाणे कागद तपासायला दिले आहेत. विटकर, इमारतीबद्दल नेमके काय मागू?

विटकर
सोळा वर्षे म्हणजे मी वर लिहिलेल्या मोठ्या खर्चांची पाळी एक तर नुकतीच झाली आहे किंवा येऊ घातली आहे, आणि कोणते खरे ते किमतीच्या वाटाघाटीआधी कळले पाहिजे. गेल्या पाच वर्षांच्या सभांची इतिवृत्ते मागा. नाकारलेले दुरुस्तीचे ठराव त्यांत सापडतात. दुरुस्ती निधीची शिल्लक आणि थकबाकीदारांची यादी मागा. गच्चीचे शेवटचे काम कधी झाले आणि त्याची हमी किती वर्षांची आहे, ते विचारा. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या रहिवाशाशी आणि लिफ्टची देखभाल करणाऱ्याशी बोला. विकणारा सांगणार नाही ते हे दोघे सांगतात. सदनिका एकदा जोराच्या पावसानंतर पाहा, आणि न्हाणीघराच्या खालच्या घरात जाऊन छताकडे पाहा. वाहनतळातल्या खांबांच्या तळाशी सळईच्या रेषेत उभ्या भेगा दिसल्या, तर सौदा थांबवून संरचना तपासणीचा अहवाल मागा.

पाऊलवाट
इतिवृत्ते मागणे सुचलेच नव्हते. सचिवांना आजच पत्र देते. अहवाल हाती आला की त्यातली निरीक्षणे याच धाग्यावर लिहीन.